निकाल आधीच ठरलेली शर्यत

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू.

एक शर्यत आहे. तिच्यात तीन संघ धावतात. गेल्या वर्षी पहिला संघ पहिला आला, दुसरा दुसरा आला आणि तिसरा तिसरा. त्याच्या आदल्या वर्षीही तेच झालं. तुमचे पणजोबा चड्डीत होते तेव्हाही तेच. आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षीही अगदी तेच होणार, पैज लावा हवी तर! कारण मागच्या संघानं पुढच्या संघाला ओलांडून जायचंच नाही, असा त्या शर्यतीचा नियम आहे. बक्षीस नाही, ढाल नाही, सर्टिफिकेट नाही. तरीही ती पाहायला हजारो माणसं गोळा होतात, सकाळपासून रस्त्यात ताटकळत उभी राहतात. आणि शर्यत संपल्यावर धावणारे धटिंगण गडी एकमेकांच्या गळ्यात पडून चक्क रडतात.

"मग त्याला शर्यत कशाला म्हणायचं?" असं तुम्ही विचाराल. अगदी बरोबर आहे तुमचं. तेच आज शोधून काढायचंय आपल्याला.

ॲटलास काढा. युरोपच्या नकाशात बुटाच्या आकाराचा इटली देश सापडला? आता त्या बुटाच्या नडगीवर मधोमध बोट ठेवा. हा उंब्रिया प्रांत. याला समुद्र कुठूनच लागत नाही, सगळे डोंगर आणि टेकड्या. त्यात एका डोंगराच्या पोटाला चिकटून बसलंय गुब्बिओ नावाचं गाव. डोंगराचं नाव इंजिनो. गावाची घरं करड्या दगडांची, रस्तेही दगडी आणि चढउताराचे. काही गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागाव्यात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५२० मीटरवर आणि वर डोंगरात ८२७ मीटरवर एक मोठं चर्च. म्हणजे मधे तीनशे मीटरची उभी चढण! पर्यटकांसाठी तिथं एक गमतीदार रोप-वे आहे. पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखे उघडे पिंजरे तारेवरून वर जातात आणि त्यात उभं राहून प्रवास करायचा. पण १५ मेच्या संध्याकाळी गुब्बिओची माणसं ही चढण पायांनी चढतात. चढतात कसली, धावत सुटतात! तेही खांद्यावर तीनशे किलोचं ओझं घेऊन.

हे कुणासाठी? वरच्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत ज्यांचा देह ठेवलाय, त्या संत उबाल्दोंसाठी. ते या गावाचे रक्षक संत. आपल्याकडे जसं ग्रामदैवत, तसं कॅथलिक गावांना आपापले रक्षक संत असतात. त्या संताचा दिवस म्हणजे गावाचा सगळ्यात मोठा सण.

हे उबाल्दो मूळचे गुब्बिओचेच. सन १०८५ च्या सुमारास जन्मले आणि पुढे तिथलेच बिशप झाले. त्यांची एक गोष्ट फार सुंदर आहे. गावाच्या तटाची दुरुस्ती चालली होती. काम करणारे गवंडी बिशपसाहेबांच्या द्राक्षमळ्यात घुसले आणि त्यांनी वेलींची नासधूस केली. उबाल्दोंनी जाऊन शांतपणे सांगितलं, "अरे बाबांनो, जरा जपून." मुकादमाचं डोकं फिरलं. त्यानं काय करावं? सरळ बिशपना धक्का दिला आणि ओल्या चुन्यात पाडलं! बिशप उठले, चुन्यानं माखलेल्या अंगानं एक शब्द न बोलता घरी निघून गेले.

पण गावात ही बातमी पसरली मात्र, लोक खवळले. मुकादमाला गावाबाहेर हाकला, त्याचं घरदार जप्त करा, असा एकच गलका झाला. तेव्हा उबाल्दो म्हणाले, "गुन्हा माझ्याबाबतीत घडलाय. तेव्हा न्याय मी करणार." बिचारा मुकादम मान खाली घालून समोर उभा. आता काय शिक्षा होते म्हणून सगळे टक लावून बघतायत. उबाल्दो उठले, त्याच्याजवळ गेले, त्याला मिठीत घेतलं आणि म्हणाले, देव तुला क्षमा करो. झाला न्याय! ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

११५५ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा, म्हणजे तांबड्या दाढीचा फ्रेडरिक, मोठी फौज घेऊन इटलीत उतरला. स्पोलेतो नावाचं शहर त्यानं उद्ध्वस्त केलं. आता पाळी गुब्बिओची! म्हातारे, आजारी उबाल्दो त्याला भेटायला गेले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते झालं, पण गुब्बिओ वाचलं. १६ मे ११६० रोजी उबाल्दो वारले. ११९२ साली पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं आणि दोन वर्षांनी त्यांचा देह डोंगरावर नेऊन ठेवला. गावाचा राखणदार उंचावर, सगळ्यांना दिसेल असा!

तर त्यांच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, १५ मे रोजी, गुब्बिओत 'चेरी'ची शर्यत होते. चेरी म्हणजे केकवर लावतात ते लाल फळ नव्हे बरं का! इटालियन भाषेत मोठ्या मेणबत्तीला 'चेरो' म्हणतात. एक असला तर चेरो, अनेक असले तर चेरी. पण गुब्बिओच्या या मेणबत्त्या मेणाच्या नाहीत, लाकडाच्या आहेत आणि त्यांना वातही नाही. एकावर एक ठेवलेले दोन पोकळ, आठ बाजूंचे मोठे डमरूच म्हणा ना. उंची चार मीटरच्या वर, म्हणजे तुमच्या वर्गाच्या छतालाही भोक पाडेल एवढी. खाली लाकडी दांड्यांचा मजबूत सांगाडा. आणि अगदी वरच्या टोकाला एकेका संताची मूर्ती.

असे चेरो तीन. पहिल्यावर संत उबाल्दो, हा गवंड्यांचा. दुसऱ्यावर घोड्यावर बसलेले संत जॉर्ज, हा व्यापारी आणि कारागिरांचा. तिसऱ्यावर प्राण्यांचे रक्षक संत अँथनी, हा शेतकऱ्यांचा. आता आठवला मुकादम? ज्या गवंड्यानं संताला चुन्यात लोटलं, त्याच गवंड्यांच्या खांद्यावर ते संत दरवर्षी बसतात! आता त्या चेरोखाली फक्त गवंडीच असतात असं काही नाही म्हणा. शिक्षक, ड्रायव्हर, डॉक्टर, सगळे असतात. वडील ज्या चेरोचे, मुलगाही बहुधा त्याच चेरोचा. उबाल्दोवाल्यांचे सदरे पिवळे, जॉर्जवाल्यांचे निळे, अँथनीवाल्यांचे काळे. पँट मात्र सगळ्यांची पांढरी आणि कमरेचा पट्टा अन् गळ्यातला रुमाल सगळ्यांचा लाल.

चला, आता आपण मनानंच १५ मेच्या पहाटे गुब्बिओत जाऊ. कसला आवाज येतोय? ढोल! ढोलवाले गल्लोगल्ली फिरून मानकऱ्यांना झोपेतून उठवतायत. थोड्या वेळानं कन्सुलांच्या वाड्यावरची मोठी घंटा वाजेल. हा वाडा चौदाव्या शतकातला, गावच्या भल्यामोठ्या चौकात उभा. त्याच्या मनोऱ्यातली ही घंटा १७६९ साली ओतलेली आहे आणि तिचं वजन सुमारे दोन टन. ती दोरीनं ओढून वाजवत नाहीत. घंटेकरी मनोऱ्यात बसून, आडवे होऊन तिला चक्क पायांनी ढकलतात! घरी झोपाळ्याला पायानं झोका देता ना, तसं. पण दोन टनांचा झोपाळा आणि खाली सगळं गाव, हे विसरायचं नाही.

सकाळी एका छोट्या चर्चमध्ये प्रार्थना होते. वर्षभर तिन्ही संतांच्या मूर्ती तिथंच असतात. या चर्चशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसनं एका नरभक्षक लांडग्याला समजावून माणसाळवलं, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. ती घडली म्हणतात ती याच गुब्बिओत. म्हातारा होऊन मेलेल्या त्या लांडग्याला गावकऱ्यांनी याच जागी पुरलं, अशी परंपरा आहे. या गावाला भांडणं मिटवणारी माणसंच कशी लाभली कोण जाणे!

मूर्ती मिरवत वाड्यापाशी येतात. दुपारचे बारा वाजायला आलेले असतात. चौकात तीळ टाकायला जागा नाही. पोरं बापांच्या खांद्यावर, म्हाताऱ्या खिडक्यांत. वाड्यातून तिन्ही चेरी आडवे करून बाहेर आणतात. प्रत्येक चेरोचा एक म्होरक्या असतो, त्याला म्हणतात 'कापोदिएची', म्हणजे दहांचा नाईक. तो सांगाड्यावर चढतो. त्याच्या हातात पाण्यानं भरलेली रंगीत मातीची घागर असते. चेरो सांगाड्यात जिथं पाचरीनं घट्ट बसवलेला असतो, तिथं तो पाणी ओततो आणि मग घागर गर्दीत भिरकावून देतो. फट्‌! घागरीचे तुकडे तुकडे. आणि त्याच क्षणी तीनशे किलोचा आडवा चेरो एका हिसक्यात उभा! तिघेही जवळजवळ एकदमच उभे राहतात आणि सगळ्या चौकाच्या तोंडून असा काही आवाज निघतो म्हणता!

खापऱ्यांसाठी झुंबड उडते. एक तुकडा मिळाला तरी वर्ष चांगलं जातं म्हणे. आयांनो, हे वाचून मुलांनी घरातल्या बरण्या फोडल्या तर दोष आमचा नाही.

मग चेरी चौकात तीन गोल फेऱ्या मारतात आणि आपापल्या वाटेनं गावात हिंडायला निघतात. ही भेटीगाठींची वेळ. ज्यांनी तरुणपणी चेरो खांद्यावर वाहिला आणि आता जे म्हातारपणानं किंवा दुखण्यानं घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्या दारात चेरो जाऊन थांबतो. मला विचाराल तर सगळ्या दिवसातली ही गोष्ट मला सर्वांत आवडते. शर्यतीइतकी गाजत मात्र नाही. त्यानंतर जेवण. धावायचंय म्हणून हलकं जेवत असतील असं वाटलं ना? छे! माशांची मोठी पंगत झडते.

आता आली संध्याकाळ. सहा वाजत आलेत. चेरी रांगेत उभे आहेत, पुढे उबाल्दो, मग जॉर्ज, मग अँथनी. बिशप येऊन आशीर्वाद देतात. घोड्यावरचा कप्तान पुढे निघतो, तुतारी वाजते आणि सुटले!

इथं थोडं गणित. तीनशे किलो भागिले वीस माणसं, प्रत्येकी पंधरा किलो. "हात्तिच्या! आमचं दप्तर याच्याहून जड असतं," असं काहीजण म्हणतील. पण थांबा. एका चेरोला एका वेळी वीसेक माणसं लागलेली असली तरी खांदा सगळ्यांचा दांड्याखाली नसतो. प्रत्यक्ष भार थोड्यांवर, बाकीचे त्यांच्या काखेत हात घालून त्यांना सावरत बरोबर पळतात. उतारावर सगळा भार पुढच्यांवर येतो, चढावर मागच्यांवर. शिवाय वजनापेक्षा अवघड आहे तोल. एक प्रयोग करून बघा. झाडू उलटा करून तळहातावर उभा धरा आणि अंगणात पळा. जमतंय? आता वळून बघा! एसटी जोरात वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो ना, तसंच चेरोचं वरचं टोक वळणावर बाहेर झुकतं. अरुंद गल्लीत ते झुकलं की घराच्या भिंतीवर, सज्जावर घासतं, कधी आपटतंही. आणि कधीकधी सगळा चेरोच आडवा होतो.

बरं, हेच वीसजण शेवटपर्यंत धावत नाहीत. कुणालाच ते शक्य नाही. थोडं अंतर गेलं की नवी तुकडी वाटेत तयार उभी असते. पालखीला खांदा देताना आपण पाहतो तशी खांदेपालट, पण पालखी चालते आणि हा चेरो सुसाट पळत असतो! थकलेल्यानं बाहेर निसटायचं आणि नव्यानं त्याच पावलात आत शिरायचं. दांडा क्षणभरसुद्धा मोकळा राहता कामा नये. कापोदिएची पुढे असतो आणि मागून दुसरा एक नाईक ओरडून ओरडून सूचना देत असतो, कारण दांड्याखालच्या माणसाला समोरच्याच्या पाठीशिवाय काहीही दिसत नाही. त्यानं फक्त विश्वास ठेवायचा.

सगळी धाव चार किलोमीटरच्या वर. आधी गावातून, वाटेत विसाव्याच्या जागा घेत. वाटेत एक चौक लागतो, 'चाळीस हुतात्मा चौक'. २२ जून १९४४ रोजी जर्मन सैन्यानं गावातल्या चाळीस निरपराध नागरिकांना गोळ्या घातल्या, त्यांचं नाव या चौकाला दिलंय. मग पुन्हा वाड्यासमोरचा मोठा चौक, पुन्हा तीन फेऱ्या. या वेळी काळोख पडायला लागलेला असतो आणि लोक इतके जवळ उभे असतात की चेरोचा वारा अंगाला लागतो. तिथून गावाची वेस आणि वेशीपासून डोंगर. वळणावळणांचा कच्चा रस्ता. चालत गेलात तर धापा टाकत अर्धा तास सहज लागेल. चेरी तो दहा मिनिटांच्या आतबाहेर चढून जातात.

आता आपल्या कोड्याकडे वळू. पहिला नंबर उबाल्दोंचाच, हे ठरलेलं. मग ही माणसं कशासाठी जिवाचा आटापिटा करतात?

एक म्हणजे पडायचं नाही. दिवसभर आणि पुढे वर्षभर गावात चर्चा होणार ती याचीच. कोणाचा चेरो ताठ गेला, कोणाचा झुकला, कोणत्या वळणावर कोण चुकलं. दुसरं म्हणजे अंतर पडू द्यायचं नाही. मागच्या चेरोनं पुढच्याच्या पाठीला चिकटून राहायचं. जॉर्जवाले इतक्या जवळ येतात की उबाल्दोवाल्यांना त्यांचा श्वास ऐकू यावा. ओलांडता येत नाही, पण 'हळू का पळताय?' असं न बोलता विचारता तर येतं! आणि पुढचा पडला? तर मागच्यांनी थांबायचं. तो पडला म्हणून आपण पुढे, हा विचारच नाही.

आणि तिसरी गंमत अगदी शेवटी आहे. डोंगरावरच्या चर्चच्या आवाराला एक मोठं दार आहे. उबाल्दोंचा चेरो आत शिरला की त्याची माणसं ते दार लावून घ्यायला धावतात. जॉर्जवाल्यांना ते दार लागायच्या आत पोचायचं असतं! उबाल्दोवाल्यांची लगबग, जॉर्जवाल्यांची घाई. त्यातून दार उंचीला कमी, चेरो उभा आत जात नाही. म्हणजे ऐन धावेत, दमून पाय लटपटत असताना, तो उंबऱ्यापाशी आडवा करायचा आणि तसाच आत न्यायचा. जरा घाई झाली तर दारावर आपटलाच. दार लागलं तर पिवळे सदरे नाचतात, नाही लागलं तर निळे नाचतात. काही वर्षं हे, काही वर्षं ते. आणि कोणी काहीही म्हणो, 'खरं म्हणजे दार लागलं होतं' आणि 'खरं म्हणजे आम्ही पोचलो होतो' हा वाद गावात वर्षभर पुरतो.

तेव्हा, उबाल्दोवाल्यांना पुढे कोणी नाही म्हणून आरामात पळता येत नाही आणि अँथनीवाल्यांना शेवटचा नंबर नक्की म्हणून रमतगमत येता येत नाही. खरं तर अँथनीवाल्यांचं काम मला सगळ्यात कठीण वाटतं. पुढचे दोघं अडखळले की यांनीही अडखळायचं आणि पुन्हा वेग घ्यायचा. पण त्यांना विचारा, 'चेरो बदलायचा का?' काळ्या सदऱ्याचा माणूस तुमच्याकडे असा बघेल, की पुन्हा विचारणार नाही तुम्ही.

बाकीच्या इटलीत गुब्बिओकरांना 'वेडे' म्हणतात. ते या नावावर चिडत नाहीत, उलट मिरवतात. गावात एक कारंजं आहे, 'वेड्यांचं कारंजं'. त्याच्याभोवती धावत तीन फेऱ्या मारल्या आणि अंगावर पाणी शिंपडून घेतलं की तुम्हीही गुब्बिओचे अधिकृत वेडे. त्याचा परवाना मिळतो, छापील!

रात्री चेरी वर चर्चमध्येच राहतात, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातल्या पहिल्या रविवारपर्यंत. मूर्ती मात्र त्याच रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात, गाणी म्हणत गावात परत आणतात. येताना पिवळे, निळे, काळे सगळे एकत्र असतात.

हे सगळं सुरू कधी झालं? याबद्दल विद्वानांत दोन मतं आहेत. एक मत असं, की उबाल्दोंच्या पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या व्यवसायांचे संघ मोठ्या मेणबत्त्या वाहायला नेत. त्या मोठ्या, आणखी मोठ्या होत गेल्या, तशा मेणाच्या जागी लाकडाच्या आल्या. 'चेरो' या नावातच मेणबत्ती आहे, तेव्हा हे पटण्यासारखं आहे. दुसऱ्या मताचे लोक म्हणतात, हा सण ख्रिस्ताच्याही आधीचा. गुब्बिओत १४४४ साली ब्राँझच्या सात पाट्या सापडल्या. त्यांच्यावर उंब्रियन नावाच्या, आज कुणीच बोलत नसलेल्या भाषेत पूजाविधी कोरलेले आहेत. त्या पाट्या त्याच कन्सुलांच्या वाड्यात ठेवल्या आहेत. वसंत ऋतूत डोंगरावर जाऊन धान्यदेवतेची पूजा करायची, ही जुनी रीत पुढे संताच्या सणात मिसळली असावी, असा या लोकांचा तर्क. मला पहिलं मत जास्त खरं वाटतं. पण मोठे होऊन तुमच्यापैकी कुणी ती भाषा शिकलं, तर मला चूक ठरवायला हरकत नाही. १९७३ पासून उंब्रिया प्रांताच्या बोधचिन्हावर हेच तीन चेरी आहेत.

गावाबाहेर गेलेला गुब्बिओकर १५ मे विसरत नाही. १९१७ साली पहिल्या महायुद्धात गावची तरुण मुलं आल्प्स पर्वतात कोल दी लाना नावाच्या शिखराजवळ खंदकांत होती. समोर शत्रू, घर शेकडो किलोमीटर दूर. त्यांनी मिळेल त्या सामानातून तिथंच तीन चेरी बनवले आणि युद्धभूमीवर शर्यत काढली. पुढे ओळ तीच, उबाल्दो, जॉर्ज, अँथनी. गुब्बिओतून काही कुटुंबं अमेरिकेत कोळशाच्या खाणींत काम करायला गेली. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जेसप या छोट्या गावात ती राहिली आणि आजही तिथं मे महिन्याच्या अखेरीला चेरी धावतात. मधे काही वर्षं खंड पडला होता, पण नातवंडांनी पुन्हा सुरू केलं.

आणि २०२० साली? तुम्हाला आठवत नसेल तर आईबाबांना विचारा, कोरोनाच्या साथीत आपल्याकडेही वारी, गणपती कसे झाले ते. गुब्बिओतही २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी १५ मे आला, पण चेरी धावले नाहीत. २०२२ साली ते पुन्हा उभे राहिले. त्या दुपारी चौकात किती जणांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, ते काय सांगायला हवं?

एक शेवटची गोष्ट, खास तुमच्यासाठी राखून ठेवलेली. गुब्बिओत चेरी फक्त मोठ्यांचे नाहीत. मोठ्या शर्यतीनंतर काही दिवसांनी 'मधले चेरी' धावतात, तुमच्या दहावी-बारावीतल्या दादांच्या वयाच्या मुलांचे. आणि २ जूनला, इटलीच्या प्रजासत्ताक दिनी, 'छोटे चेरी'! तेही हुबेहूब तसेच, फक्त उंचीनं आणि वजनानं कमी. धावतात शाळकरी मुलं. तसेच पिवळे, निळे, काळे सदरे, तसाच लाल रुमाल, तसाच कापोदिएची, घागर फोडणारा. पळत्या चेरोत शिरायचं कसं, दमलं की निसटायचं कसं, समोर फक्त पाठ दिसत असताना मागच्याच्या आवाजावर पाय टाकायचा कसा, हे सगळं तिथं शिकायला मिळतं. रस्त्याच्या कडेला बाबा, काका, आजोबा उभे असतात. पंधरा दिवसांपूर्वी जे स्वतः धावले आणि ज्यांचे खांदे अजून दुखतायत, ते ओरडून ओरडून सूचना देत असतात. मुलं त्यांच्याकडे मुळीच लक्ष देत नाहीत, कारण सूचना ऐकायच्या त्या आपल्या मागच्या नाईकाच्या.

तिथंही पुढे उबाल्दो, मग जॉर्ज, मग अँथनी. ओलांडायचं नाही. पडलं तर उठायचं, आणि मागच्यांनी तोवर थांबायचं.